आई-बाबा पुढच्या रांगेतच बसतील!

बालदोस्तांनो, समजा, स्नेहसंमेलनात तुमचा कार्यक्रम आहे. आई-बाबा पहिल्या रांगेत बसलेत. तेवढ्यात कुणी येऊन त्यांना म्हणालं, "उठा, मागं जा," तर तुम्ही काय कराल?

अमेरिकेतल्या ट्रायन गावी बारा वर्षांच्या युनिस वेमनवर अशीच वेळ आली. ती पियानो वाजवणार होती. पण वेमन कुटुंब पडलं कृष्णवर्णीय! गोऱ्या लोकांना जागा हवी म्हणून तिच्या आई-वडिलांना मागं पाठवलं. युनिसनं ठणकावून सांगितलं, आई-बाबा पुढं आल्याशिवाय मी वाजवणार नाही. शेवटी त्यांना पुढं बसवावंच लागलं.

हीच मुलगी पुढं नीना सिमोन म्हणून जगभर गाजली.

तिचा जन्म १९३३ सालचा. आई चर्चमध्ये प्रवचन करायची आणि लोकांकडे घरकामही करायची. मुलीला पियानो शिकता यावा म्हणून गावातल्या लोकांनी पैसे जमवले. बाईंनी तिला जर्मन संगीतकार बाखची गोडी लावली. मोठ्या सभागृहांत असंच अभिजात संगीत वाजवायचं, हे तिचं स्वप्न होतं. पण १९५१ साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेनं तिला प्रवेश नाकारला. आपल्या रंगामुळेच असं झालं, हे शल्य तिला जन्मभर टोचत राहिलं.

पोटासाठी १९५४ साली तिनं अटलांटिक सिटीतल्या एका बारमध्ये पियानो वाजवायला सुरुवात केली. मालकानं बजावलं, गाणंही म्हण, नाहीतर नोकरी विसर! झालं, ती गायला लागली. धार्मिक आईला कळू नये म्हणून तिनं नावही बदललं.

पण बाखला ती विसरली नाही हं! 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' हे तिचं गाणं मिळवून ऐका. मध्येच गाणं थांबतं आणि पियानोवर दोन सुरावटी पाठशिवणी खेळायला लागतात. ती बाखचीच शिकवण. जॅझच्या मैफलीत तिनं ती हळूच आणून बसवली.

सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरातल्या एका कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला. चार मुली दगावल्या. संतापलेल्या नीनानं 'मिसिसिपी गॉडॅम' हे गाणं रचलं. चाल नाचरी, पण शब्द निखाऱ्यासारखे! तिथून पुढं समान हक्कांच्या चळवळीत तिचा आवाज दुमदुमत राहिला.

२१ एप्रिल २००३ रोजी फ्रान्समध्ये तिचं निधन झालं. त्याच्या दोनच दिवस आधी एका संस्थेनं तिला मानद पदवी दिली होती. कुठली, ठाऊक आहे? तीच, कर्टिस!