थिबाच्या गावातला रेशनचा तांदूळ

१८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले आणि पुढच्या वर्षी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत आणून ठेवला. १९१६ साली तो इथेच वारला. इरावतीच्या मुखाकडचा भातपट्टा इंग्रजांनी त्याआधीच, १८५२च्या युद्धात गिळला होता. तिथला तांदूळ रंगूनहून जहाजांनी हिंदुस्थानात येई. मुंबई बंदरात उतरे, आणि त्यातला काही कोकणच्या खाड्यांतूनही आत शिरे. ज्याचा राजा आपल्याकडे कैदेत, त्याच देशाचा भात आपल्या ताटात, असा हा हिशेब होता.

पुढे दुसऱ्या महायुद्धात, ८ मार्च १९४२ रोजी, जपान्यांनी रंगून घेतले. हिंदुस्थानात दरसाल येणारा दहा लाख टनांहून अधिक तांदूळ थांबला. ब्रह्मदेशाचे रॉकेलही गेले.

त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा बाणकोटच्या खाडीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला, तेरा लाखांहून अधिक वस्तीचा. पाऊस उदंड, पण भातखाचरे मूठभर. बाकी सगळा कातळ आणि वरकस. तिथे नाचणी, वरी, हरीक पिके. जे पिके त्यातला मोठा वाटा खोताच्या कणगीत जाई आणि कुळाचे घर शिमग्यानंतर विकतच्या धान्यावर येई. ते धान्य घ्यायला पैसा यायचा मुंबईच्या गिरणगावातून, मनीऑर्डरीने. लढाईत भाव भडकले, तशी त्याच रकमेत येणारी पायली आटत गेली.

लढाई कोणी विचारून पुकारली नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात राजीनामे दिले. मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर हे जन्माने रत्नागिरीचेच. तेव्हापासून १९४६ पर्यंत प्रांताचा कारभार गव्हर्नर आणि त्याचे सल्लागार यांच्या हाती राहिला. म्हणजे लोकांनी किती खायचे हे ठरवणाऱ्यांत लोकांचा एकही प्रतिनिधी नव्हता.

तरीही काम नेटके झाले, हे मान्य करावे लागते. २ मे १९४३ रोजी मुंबई शहरात पूर्ण शिधावाटप सुरू झाले. त्यामागे ए. डी. गोरवाला या मुलकी अधिकाऱ्याची मेहनत होती. प्रत्येक कुटुंबाला कार्ड, प्रत्येक कार्डाला ठरलेले दुकान, माणशी ठरलेले माप; अंगमेहनतीच्या कामगाराला थोडे जास्त. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारच्या ग्रेगरी समितीने मोठ्या शहरांसाठी माणशी दररोज एक पौंड धान्याचे प्रमाण सुचवले. हे आपल्या जुन्या मापाने जेमतेम अर्धा शेर. कलकत्त्यात शिधावाटप सुरू व्हायला १९४४चा जानेवारी संपत आला, आणि तोवर बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली होती.

पण मुंबईचा चाकरमानी कार्डावर जेवत असताना गावाकडे त्याच्या घरच्यांचे काय? शहराचे पोट भरले नाही तर गिरण्या आणि गोद्या थांबतील, ही सरकारची पहिली चिंता होती. खेड्यात कोणाच्या घरी किती पिकते, किती विकत लागते, हेच मोजणे अवघड. त्यातून रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती. धान्य यायचे ते आगबोटीने, गलबतांनी, नाहीतर घाट उतरून मोटारींनी. पेट्रोलवर १९४१ पासून नियंत्रण होते. मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत. आणि पावसाळ्यात समुद्र बंद. आगोटीच्या आत जे बंदरात उतरले नाही, ते थेट पावसाळ्यानंतरच यायचे. त्यामुळे इथल्या वाटपाचे खरे वेळापत्रक आगबोटी आणि मोसमी वारे ठरवत.

प्रांताने शेतकऱ्यांवर लेव्ही बसवली, ‘अधिक धान्य पिकवा’ची मोहीम काढली. तांदूळ पुरेना तेव्हा भातखाऊंना गहू-ज्वारी-बाजरीही घ्यावी लागली. पेज, कुळथाची पिठी, फणस, सुकी मासळी यांवर कोकणाने पूर्वीही पावसाळे काढले होतेच. तुटीच्या काळात त्यांचाच आधार होता.

लढाई संपली, रेशन संपले नाही. १९४६ साली देशभर टंचाई वाढली आणि एका पौंडाचे माप बारा औंसांवर आले. गांधीजींच्या आग्रहामुळे डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठू लागली. भाव चढले, आणि वर्षाच्या आत ती परत आली. पुढे रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना, १९५४ पर्यंत, ती पुन्हा उठली. मात्र १९४६च्या ‘तात्पुरत्या’ पुरवठा कायद्याची जागा १९५५ साली जीवनावश्यक वस्तू कायद्याने घेतली, आणि तो आजही लागू आहे.

रास्त भाव दुकान त्यातूनच टिकले. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी कार्डे आली. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. २०२३ पासून ते फुकट मिळते. गोदामातून पोती ट्रकने येतात आणि दुकानदार अंगठ्याचा ठसा घेऊन माप घालतो.

दोन मापांची तुलना मात्र जपूनच करावी. तेव्हा कार्डावरचे धान्य हीच कायद्याने घातलेली मर्यादा होती, आज उघडा बाजार शेजारी आहे. तरी आकडे असे आहेत: १९४६चे कापलेले बारा औंस म्हणजे महिन्याला सुमारे १० किलो २०० ग्रॅम. आजचे ५ किलो त्याच्या निम्म्याहूनही थोडे कमी भरतात.