दोन डिस्कची पेटी आणि दुकानाचा हिशेब

जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. येथील कागदी कारागीर पेशवाईत पुण्यास जाऊन वसले व त्यांच्या वस्तीला कागदीपुरा हे नाव पडले. जुनी दप्तरे आजही वाचता येतात. आपला रोजमेळ, उधारी व बिले मात्र आता संगणकात असतात आणि त्यातील डिस्क कोणत्या दिवशी दगा देईल याचा नेम नाही.

जी.एस.टी. कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावे लागतात. म्हणजे 2023-24 चे कागद 31 डिसेंबर 2030 पर्यंत. चौकशी किंवा अपील चालू असेल तर त्याहूनही पुढे. म्हणून दोन डिस्क बसणारी बाहेरची पेटी, जिला बाजारात एन्क्लोजर म्हणतात, ती घेण्याकडे व्यापाऱ्यांचा कल आहे. परंतु ती कशी लावावी हे नीट न समजल्यास फायद्याऐवजी नुकसान होते. ते मी सोसले आहे.

2021 च्या पावसाळ्यापूर्वी मी चार-चार टी.बी.च्या दोन डिस्क घेतल्या. लावून देणाऱ्याने पडद्यावर आठ टी.बी. दाखवले आणि मी खूष झालो. ती जोडणी ‘रेड 0’ ची होती. त्यात प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्ही डिस्कवर वाटले जातात. जणू एकच तागा फाडून दोन फळ्यांवर ठेवला. एक डिस्क बंद पडली आणि दुसरीतले तुकडे निरुपयोगी ठरले. वर्षाची उधारी गेली. मुनीमजींच्या खिशातील पेन्सिलीच्या वहीवरून निम्मी जुळवली, बाकीची गिऱ्हाइकांना विचारून. आंबेगावच्या वाड्यांवरील कित्येकांनी आपणहून आकडा सांगितला. काहींना मात्र काहीच आठवेना.

आपल्याला हवी ती ‘रेड 1’ ची जोडणी. बिलबुकात कार्बन घातला की एका लिहिण्यात दोन प्रती निघतात, तसेच हे. चार-चारच्या दोन डिस्कमधून चारच टी.बी. मिळतात. पडद्यावर आठ दिसले तर लावणाऱ्यास तेथेच थांबवावे. दोन्ही डिस्क सारख्या मापाच्या घ्याव्यात, नाहीतर लहान डिस्कएवढीच जागा मिळते. काही पेट्यांच्या मागे बारीक खटके असतात, काहींचे काम सॉफ्टवेअरवर चालते. जोडणी बदलली की डिस्कवरील सर्व पुसले जाते, म्हणून हे काम कोऱ्या डिस्कवर आधीच उरकावे. नंतर संगणकात ‘जी.पी.टी.’ निवडून फॉरमॅट करावे, जुन्या ‘एम.बी.आर.’ पद्धतीत दोन टी.बी.च्या पुढची जागा वापरता येत नाही.

मोठ्या डिस्कच्या पेटीला वेगळा अडॅप्टर लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून तो यू.पी.एस.वरच लावावा. एक डिस्क बिघडली तर दिवा रंग बदलतो किंवा पेटी वाजते. गल्ल्याखाली पेटी ठेवून त्या दिव्याकडे महिनोन्‌महिने न पाहणारे दुकानदार मी पाहिले आहेत. अशा वेळी दुसरी डिस्कही गेली की संपले! डिस्क बदलल्यावर नवी प्रत भरण्यास बरेच तास लागतात. तोवर पेटी बंद करू नये.

आता मुख्य गोष्ट. पोराने चुकून खाते पुसले तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. खंडणी मागणारा व्हायरस शिरला, आग लागली किंवा चोर पेटीच उचलून घेऊन गेला, तरी दोन्ही प्रती एकदम जातात. शिवाय पेटीच बिघडली तर काही कंपन्यांच्या डिस्क दुसऱ्या पेटीत वाचता येत नाहीत. यासाठी तिसरी, साधी एक डिस्क हवी. ती प्रत घेतल्यावर संगणकापासून काढून दुसऱ्या गावी ठेवावी.

माझी तिसरी डिस्क मंचरला भावाच्या घरी असते. माल आणायला गेलो की जुनी घेऊन येतो आणि नवी ठेवून येतो. दर खेपेस त्यातील दोन-चार जुनी बिले उघडून पाहतो. मागे एकदा प्रत अर्धवटच उतरलेली निघाली, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली.