भोकं, ऊब आणि अनुस्वार

दवाखान्याच्या काचेवर डॉक्टरांचं नाव, वेळा, एखादं हसरं चित्र असतं. बाहेरून आतलं काही दिसत नाही, आत बसलेल्या रुग्णाला मात्र रस्ता दिसत असतो. या फिल्मला आमच्या धंद्यात ‘वन वे व्हिजन’ म्हणतात. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे माझ्या छापखान्यात हे काम बारा महिने असतं. त्यात मशीनची ऊब हा सगळ्यात नाजूक भाग असतो, आणि ती चुकली तर आधी बळी जातो तो मराठी अक्षरांचा.

रोलंड हिल या ब्रिटिश संशोधकाने १९८०च्या दशकात ही कल्पना आकाराला आणली. व्हिनाइलचा पातळ पत्रा, पुढून पांढरा, मागून काळा, आणि त्याला सर्वत्र गोल भोकं. उजेडातला माणूस पांढऱ्या बाजूवरचं चित्र पाहतो. सावलीतल्या माणसाची नजर काळ्यावर न अडता भोकांतून बाहेर जाते. रात्री आत दिवे लागले की हा खेळ उलटतो. डॉक्टरांना मी हे आधीच सांगून ठेवतो.

भोक साधारण दीड मिलिमीटरचं आणि मोकळी जागा ४० टक्के धरली, तर एका चौरस फुटात सुमारे २१ हजार भोकं येतात. दोन भोकांमध्ये व्हिनाइलची जेमतेम पाऊण मिलिमीटरची कड उरते. छपाई होते ती या जाळीवर.

आता ऊब कशाला लागते? इको-सॉल्व्हंट शाई व्हिनाइलला किंचित मऊ करते आणि त्यात रुतून बसते. उबेमुळे ती लवकर रुतते, द्रावक उडून जातो, रंग पसरत नाही. म्हणून मशीनला तीन हीटर असतात: छपाईच्या आधीचा, हेडखालचा आणि नंतरचा. साध्या व्हिनाइलला ४०-४५ अंश सेल्सिअस खुशाल चालतात. जाळीला तेच दिले की ती सैल पडते. त्यात भर म्हणजे मागचा कागद: तापल्यावर व्हिनाइल पसरतं, तर कागदातली ओल उडून तो आकसतो. दोघांची ओढाताण होते, मध्ये वळ्या उठतात आणि धावतं हेड त्या वळीवर घासतं. हेड हा मशीनचा सगळ्यात महागडा अवयव आहे, तेव्हा हे घासणं खिशालाही घासतं. पावसाळ्यात कागदाने आधीच दमट हवा प्यायलेली असते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रोल मी आदल्या दिवशीच मशीनच्या खोलीत आणून ठेवतो.

मग ऊब कमी केली की झालं, असं वाटेल. तसं नाही. ऊब कमी झाली की शाई ओली राहते, भोकाच्या काठावर साचते आणि आत उतरते. तिथे तिला धरायला व्हिनाइल नसतं; खाली असतो तो गुळगुळीत लेप दिलेला कागद, ज्याच्यावर शाई रुतत नाही. असा रोल गुंडाळला की ते ओले ठिपके शेजारच्या थराला लागतात.

माझा तोडगा असा, की ऊब वाढवण्यापेक्षा वेळ वाढवायचा आणि ऊब द्यायची ती नंतर. पहिले दोन हीटर ३५ अंशांच्या आसपास ठेवतो, शेवटचा ४५पर्यंत नेतो आणि त्याच्यापुढे पंखा लावतो. पास वाढवतो, म्हणजे हेड त्याच जागेवरून जास्त वेळा जातं आणि दर वेळी थोडीच शाई टाकतं. एकूण शाईची मर्यादाही खाली आणतो. हेडची उंची एक घर वर. हे आकडे माझ्या मशीनचे आहेत; दुसऱ्याने तिथून सुरुवात करावी, तिथेच थांबू नये. हीटर चालू करून दहा-पंधरा मिनिटं गेल्यावरच फीड जुळवायचं, कारण थंड फिल्मवर जुळवलेलं पाऊल गरम फिल्मवर चुकतं आणि चित्रात आडवे पट्टे येतात. जेवायला जाताना फिल्म तापलेल्या पाट्यावर ताणून ठेवायची नाही. नव्या मुलांना हे शेवटचं पटवायला फार वेळ लागतो.

आता अक्षरांकडे येतो. इंग्रजीत ठिपका हरवला तरी शब्द बहुधा सावरतो. आपल्याकडे अनुस्वार लहान असेल तर अख्खा एका भोकात जाऊ शकतो. ‘नंदी’ची ‘नदी’ होते, ‘दंत’चा ‘दत’. ‘१०.३०’ मधला बिंदू गेला तर रुग्णाने काय वाचायचं? संगणकाच्या पडद्यावर यातलं काही दिसत नाही. त्यात शाई ओली राहिली तर भोकाच्या काठावर वाचलेला अर्धा ठिपकाही ओघळून आकार सोडतो. म्हणून वेळापत्रकाचा मजकूर मी जाड वळणाच्या अक्षरांत घेतो आणि अनुस्वार हाताने मोठा करतो, चार-पाच मिलिमीटरचा तरी. अक्षररचनाकारांना तो बेढब वाटतो. वाटू दे.

छापल्यावर फिल्म निदान २४ तास सैल गुंडाळी करून वाळवायची, मग पारदर्शक लॅमिनेशन चढवायचं. ते नसेल तर पावसाचं पाणी भोकांत थांबतं आणि आतून रस्ता धूसर दिसतो. घाईत ओलं लॅमिनेट केलं की अडकलेला द्रावक गोंद मऊ करतो आणि कडा सुटतात.

काचेवर चिकटवताना सोललेला मागचा कागद मी फेकू देत नाही. भोकांतून गेलेली सगळी शाई त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी उमटलेली असते, अख्ख्या फलकाची फिकट प्रत. ठिपके गोल आणि कोरडे असतील तर सेटिंग तसंच ठेवतो. शेपट्या फुटलेल्या दिसल्या, तर पुढच्या रोलला आणखी दोन पास.