एका अणूच्या जागी दुसरा

तारेतून वीज वाहू लागली की तार तापते, आणि विजेचा काही अंश वाया जातो. तारेचा हा विरोध पूर्णपणे नाहीसा होणे म्हणजेच अतिसंवाहकता. १९११ साली हॉलंडात कामर्लिंग ओनेस यांना ती पाऱ्यात आढळली. पण त्यासाठी पारा सुमारे ४ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, थंड करावा लागला होता.

बिस्मथ धातूची कथा याहून नवलाची आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथातही हा गुण असल्याचे २०१६ मध्ये दाखवून दिले. मात्र तो प्रकट होतो एका केल्व्हिनच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतक्या तपमानाला! उलट, १९८८ मध्ये जपानात मायेदा यांनी बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, तांबे व ऑक्सिजन यांचे जे संयुग शोधले, त्यात हा गुण १०० केल्व्हिनच्याही वर टिकतो. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो आणि द्रवरूप हेलियमपेक्षा पुष्कळच स्वस्त पडतो. या शोधाचे व्यावहारिक मोल यातच आहे.

या संयुगाचा स्फटिक मजल्यामजल्यांच्या वाड्यासारखा असतो. वीज वाहते ती मुख्यतः तांबे-ऑक्सिजनच्या मजल्यांतून. बिस्मथ, स्ट्रॉन्शियम व कॅल्शियम यांचे थर त्यांना आधार देतात आणि त्यांतील विद्युत्‌भाराचे प्रमाण राखतात. तांब्याचे दोन थर लागोपाठ असतील तर अतिसंवाहकतेची मर्यादा सुमारे ८५ केल्व्हिन असते. तीन असतील तर ती ११० पर्यंत जाते.

परंतु तीन थरांचा वाडा सहजी उभा राहत नाही. बिस्मथाच्या थराचे माप तांब्याच्या थराशी नेमके जुळत नसल्याने अणूंच्या रांगा लाटेसारख्या वरखाली होतात. बिस्मथाच्या काही अणूंच्या जागी शिसे बसवले की ही लाट मंदावते आणि तीन थरांची रचना स्थिर होते. शिसे तांब्याच्या थरात शिरत नाही. तरी ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याप्रमाणे शेजाऱ्याचा गुण तांब्याला लागतो.

प्रत्येक बदल असा हितकारक ठरत नाही. कॅल्शियमच्या जागी यट्रियम आला की प्रत्येक अणूमागे एक ऋणभार अधिक मिळतो, आणि वीज वाहून नेणाऱ्या रिक्त जागा भरू लागतात. त्याचे प्रमाण निम्म्यापलीकडे गेले की अतिसंवाहकता लोपते. तांब्याच्याच जागी जस्त आले, तर थोडक्या प्रमाणातही घात होतो. कारण तो घाव थेट माजघरात बसतो.

तेव्हा कोणता अणू घातला याइतकेच तो कोणत्या जागी बसला, याला महत्त्व आहे. जिनीव्हाजवळील प्रचंड कणत्वरकात हजारो अँपिअर वीज चुंबकांपर्यंत नेण्यासाठी याच तीन थरांच्या संयुगाच्या पट्ट्या वापरल्या आहेत. ही अतिसंवाहकता मुळात का उद्भवते, यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही. पण एकेक अणू बदलून पाहण्याची ही रीत त्या कोड्याच्या उकलीचेही एक प्रमुख साधन आहे.