दोन खुणांचा निर्णय

नवजात बाळाचा आजार ओळखणे हे मोठ्या माणसाच्या निदानाहून वेगळेच काम आहे. बाळ कुठे दुखते ते सांगत नाही. जंतुसंसर्ग, शरीर थंड पडणे, रक्तातली साखर घटणे, जन्मतः असलेला हृदयदोष या चारही वेगळ्या गोष्टी सुरुवातीला सारख्याच दिसतात: बाळ मलूल होते आणि दूध ओढत नाही. ताप येईलच असेही नाही. गंभीर संसर्गात कित्येक बाळांचे अंग उलट गार पडते. रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला सहसा दोन दिवस लागतात, आणि जंतुसंसर्ग झालेले बाळ तेवढ्या वेळात दगावू शकते. म्हणून इथे आजाराचे नेमके नाव शोधण्याआधी एक वेगळाच प्रश्न सोडवावा लागतो: किती संशय आला की उपचार सुरू करायचे?

या प्रश्नाचे एक भक्कम उत्तर गडचिरोलीत तयार झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990च्या दशकात तिथल्या 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या घरोघरी जाऊन बाळ तपासत, वजन घेत, नोंदी ठेवत. जंतुसंसर्गाचा संशय आला आणि आईवडिलांना बाळ रुग्णालयात नेणे शक्य नसले, तर त्या घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. हा निर्णय त्यांना रक्ततपासणी किंवा क्ष-किरण यांशिवाय घ्यावा लागे. नोंदींच्या छाननीतून सात खुणांची यादी निघाली. बाळाचे दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे किंवा बंद पडणे, हातपाय ढिले पडणे, उलटी किंवा पोट फुगणे, अंग गार लागणे, श्वास घेताना छाती जोरात आत ओढली जाणे आणि बेंबी पिकणे या त्या खुणा. यांतल्या कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या, तर बाळाला जंतुसंसर्ग आहे असे धरून उपचार करायचे.

एकच खूण पुरेशी का मानली नाही? सर्दी झालेले बाळही एखाद्या वेळी कमी पिते, निरोगी बाळही उलटी करते. पण दूध सुटले आणि अंगही गार पडले, तर दोन्ही योगायोगाने एकत्र येण्याची शक्यता फार कमी असते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जंतुसंसर्गाने दगावलेल्या बाळांपैकी एकही या कसोटीतून सुटले नव्हते. ज्यांना तसा धोका नव्हता, त्यांपैकी सुमारे 92 टक्के बाळांना तिने बरोबर वगळले.

जागतिक पातळीवरच्या एका अभ्यासाने मात्र 2008 मध्ये वेगळा नियम सुचवला: त्याच्या सात खुणांपैकी एक दिसली तरी बाळ गंभीर समजावे. पहिल्या आठवड्यातल्या बाळांत तो नियम 85 टक्के आजारी बाळे पकडत होता आणि आजारी नसलेल्यांपैकी 75 टक्के बरोबर वगळत होता. पण ती बाळे आरोग्यकेंद्रात आणलेली होती, म्हणजे काहीतरी बिघडले असे घरच्यांना आधीच वाटले होते. गडचिरोलीत आरोग्यदूत प्रत्येक बाळाकडे जात होती, आणि त्यांतली बहुतेक निरोगी होती. उदाहरणार्थ, 1000 बाळांपैकी 20 खरोखर आजारी असतील, तर 75 टक्क्यांची कसोटी 245 निरोगी बाळांवर संशय घेईल. 92 टक्क्यांची फक्त 78 बाळांवर. बाळ कुठे आणि कोणाला भेटले यावर खुणेचे वजन ठरते, हे निदानातले फार मोलाचे आणि फार दुर्लक्षित सूत्र आहे.

या गावांत 1993-95 मध्ये हजारी 62 नवजात बाळे दगावत होती. 1997-98 मध्ये हे प्रमाण 25.5 वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांत ते साठीच्या आसपासच राहिले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यू 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर उतरले. निष्कर्ष 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले, आणि 2011 मध्ये घरच्या घरी नवजात काळजीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये नवजात बाळाच्या घरी ही भेट मितानीन, म्हणजे तिथली आरोग्य कार्यकर्ती, देते. बाळंतपण रुग्णालयात झाले, तरी आई-बाळ घरी आल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ पाहिले जावे, असे वेळापत्रक आहे. काही गोष्टी दिसल्या, तर मात्र दोन खुणांची वाट पाहायची नसते. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत दिसलेली कावीळ, तळहात-तळपाय पिवळे होणे, झटके येणे, श्वास थांबणे किंवा अंग निळे पडणे, यांतली एकच गोष्टही तातडीची असते.

आईचे निरीक्षणही निदानातला पहिला पुरावा आहे. कालपर्यंत नीट दूध पिणारे बाळ आज स्तन सोडत असेल, तर तापाची वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उबेत ठेवा.