रॉबर्टो क्लेमेंटे (१९३४–१९७२)

प्वेर्तो रिकोतल्या कॅरोलिना गावचा, ऊसमळ्यातल्या मुकादमाचा धाकटा मुलगा. पिट्सबर्ग पायरेट्सकडून १८ हंगाम बेसबॉल, बरोब्बर ३,००० हिट. हंगाम संपला की गडी मायदेशी. तिथं गरीब पोरांसाठी शिबिरं.

२३ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वातलं मानाग्वा भूकंपानं कोसळलं. क्लेमेंटेनं मदत धाडली, पण ती मधल्या मधे लाटली जातेय असं कानावर आलं. मग ३१ डिसेंबरच्या रात्री स्वतःच निघाला. विमान जुनं, त्यात माल क्षमतेबाहेर ठासलेला (हे कुणी अडवायला हवं होतं!). उड्डाणानंतर काही क्षणांतच ते समुद्रात कोसळलं.

निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांच्या प्रतीक्षेचा नियम बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला मरणोत्तर बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं.