तराजू सर्वांचा, धान्य ज्याचे त्याचे

धान्याच्या पेठेत ज्यांनी जन्म घालविला त्यांस रुमालाखालचा सौदा समजावून सांगण्याचे कारण नाही. दलालाने व खरीददाराने एकाच रुमालाखाली हात घालावेत, बोटे दाबून भाव ठरवावा, आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यासही आपल्या मालाचा भाव कळू नये, अशी ती जुनी रीत होती. १९३९ साली मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. आमचे बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. पुढे नियंत्रित बाजारांत उघड लिलाव रूढ झाले. "भाव चारचौघांत बोलला गेला की व्यापार संपला," असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आम्ही लहानपणी ऐकली आहेत. व्यापार संपला नाही. भाव उघड झाला म्हणून परगावच्या खरीददारास भरवसा वाटू लागला, आणि पेठ वाढली.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचे कारण निराळे आहे. वेबसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींच्या गावोगाव भरणाऱ्या मासिक सभांविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात आहे. धान्यव्यापाऱ्याने या विषयात कशास पडावे, अशी शंका काही सभासद बंधूंस येईल. तिचे उत्तर प्रथम देतो.

आमच्या धंद्याचा या विद्येशी संबंध

कर्नाटकात २०१४ साली बाजार समित्यांचे लिलाव एका संगणकीय व्यासपीठावर आणण्यास आरंभ झाला. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ई-नाम, सुरू केला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. कराची विवरणे तेव्हापासून वेबवरूनच भरावी लागतात. याप्रमाणे अवघ्या तीन-चार वर्षांत आमची वखार, आमचा लिलाव व आमची वही, तिन्ही वेबशी बांधली गेली.

पुढे १८ जुलै २०२२ पासून वेष्टनात बांधलेल्या व लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या धान्यावर पाच टक्के कर लागू झाला. एकाच गव्हाच्या २५ किलोच्या पिशवीस कर, आणि ३० किलोच्या पोत्यास नाही! हा भेद आमच्या दुकानातील बिलाच्या प्रोग्रॅमला ठाऊक नव्हता. ज्या गृहस्थांनी तो लिहून दिला होता ते दुसऱ्या गावी नोकरीस गेलेले. त्यांच्यावाचून त्यातील एक ओळही कोणास उमगेना. आम्ही दोन दिवस बिले हाताने लिहिली. पेढीचे सारे ज्ञान एकाच मुनिमाच्या डोक्यात असावे आणि मुनीम काशीस जावा, तशी ही स्थिती. या विद्येची माणसे आपले ज्ञान कसे सांभाळतात व वाढवितात याची चौकशी आम्हांस तेव्हापासून करावीशी वाटू लागली.

प्रथेचा उगम

या सभांचे मूळ शोधू गेल्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात जावे लागते. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क या गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटार ठेवण्याच्या खोलीत संगणकाची आवड असलेली तीसएक माणसे जमली. फ्रेंच व फ्रेड मूर या दोघांनी ती सभा बोलावली होती. ऑल्टेअर ८८०० नावाचा घरी जोडावयाचा संगणक तेव्हा नुकताच विक्रीस आला होता, आणि तो समोर ठेवून मंडळी बोलत बसली. तोच पुढे 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' म्हणून प्रसिद्धीस आला. ली फेल्सेनस्टाइन हे त्याच्या सभा चालवीत. आरंभी ज्याने त्याने उभे राहून आपणापाशी काय आहे व आपणास काय हवे आहे ते सांगावे. नंतर उठून ज्याला ज्याची गरज त्याने त्याला गाठावे, असा त्यांचा शिरस्ता होता. आपल्या आठवड्याच्या बाजाराहून हा फारसा वेगळा नाही. तेथे देवघेव ज्ञानाची होत असे, एवढेच.

याच क्लबात स्टीव्ह वॉझनियाक यांनी स्वतः तयार केलेल्या संगणकाचे आराखडे मागेल त्यास फुकट वाटले. त्याच यंत्रावर १ एप्रिल १९७६ रोजी त्यांनी व स्टीव्ह जॉब्स यांनी ॲपल कंपनी उभी केली. फुकट वाटणाऱ्याचे दिवाळे निघते असे मानणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

वेबचा जन्मही अशाच औदार्यातून झाला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती विद्या कोणताही मोबदला न घेता जगास खुली केली. पुढे वेबसाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या निरनिराळ्या भाषा रूढ झाल्या, आणि भाषेगणिक मंडळे निघाली. लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल भाषेचे पहिले मंडळ १९९७ साली न्यूयॉर्क येथे निघाले. या मंडळींनी 'पर्ल माँगर्स' असे नाव घेतले. माँगर म्हणजे विक्रेता. तेव्हा नावापुरते तरी ते आपले जातभाईच म्हणावयाचे! रास्मस लेरडॉर्फ यांनी ८ जून १९९५ रोजी पीएचपी प्रसिद्ध केली. विद्यापीठातील एका प्रकल्पासाठी वेबवरील विक्रीची व्यवस्था करू पाहणाऱ्या इस्रायलमधील अँडी गुटमान्स व झीव्ह सुरास्की या दोन विद्यार्थ्यांस ती अपुरी वाटली, म्हणून त्यांनी ती नव्याने रचली, आणि १९९८ साली तिची तिसरी आवृत्ती निघाली. या भाषेचीही मंडळे देशोदेशी निघाली. आपल्याकडे पायथन भाषेच्या मंडळींची पहिली अखिल भारतीय परिषद २००९ साली बेंगळुरूस भरली. बेंगळुरू, पुणे व हैदराबाद येथे त्या भाषेची स्थानिक मंडळे आहेत.

पुण्यातील एक सभा

आमचा पुतण्या पुण्यास याच कामात आहे. त्याच्या आग्रहावरून गेल्या वर्षी एका शनिवारी आम्ही अशा एका सभेस जाऊन बसलो. महाविद्यालयातील साधी खोली, पस्तीस-चाळीस माणसे, त्यांत दहाबारा मुली. अध्यक्ष नाही, हार नाही, परिचयाचे भाषण नाही. ठरल्या वेळी एका तरुणाने उठून आजचे विषय सांगितले आणि काम सुरू झाले.

पहिल्या वक्त्या पंचविशीतील एक बाई होत्या. किराणा घरपोच देणाऱ्या एका दुकानाच्या वेबसाइटचे काम त्या पाहत. गिऱ्हाइकाने पैसे देण्याचे बटण दाबावे, जाळे मंद असल्याने काही दिसू नये, म्हणून त्याने पुन्हा दाबावे, आणि त्याच्या खात्यातून पैसे दोनदा जावेत, अशी अडचण त्यांच्यापुढे आली होती. ही गोष्ट त्यांनी काही न लपविता सांगितली. श्रोत्यांत त्यांच्या प्रतिस्पर्धी कंपनीतील एक गृहस्थ होते. त्यांनी उठून उपाय सांगितला: बिलाचे पान उघडताच त्या व्यवहारास एक क्रमांक द्यावा, बटण कितीही वेळा दाबले तरी प्रत्येक मागणीसोबत तोच क्रमांक जावा, क्रमांक वहीत आधीच चढलेला दिसला की यंत्राने पैसे पुन्हा न घेता पहिलीच पावती दाखवावी.

हे ऐकून आम्ही चकित झालो. आपल्या हुंडीच्या व्यवहारात याहून निराळे काय होते? हुंडी गहाळ झाली तर पैठ लिहून देत, पैठही हरवली तर परपैठ. तिन्ही कागद शेवटी एकाच रकमेचे, म्हणून त्यांपैकी एकावर पैसे चुकते झाले की उरलेले निकामी. पैसे दिलेल्या हुंडीचा खोका पेढीवर जपून ठेवीत, तो याचसाठी. आम्ही भीतभीतच उभे राहून हे सांगितले. सभेतील मुले आमच्याभोवती जमली आणि पैठ-परपैठेचे नियम अर्धा तास विचारीत राहिली. आमच्यापाशीही त्यांना देण्यासारखे काही आहे हे आम्हांस त्या दिवशी प्रथमच कळले.

शेवटी पाच-पाच मिनिटांची भाषणे झाली. ही चाल २००० साली पर्ल मंडळींच्या अमेरिकेतील परिषदेत सुरू झाली असे पुतण्याने सांगितले. पाच मिनिटे होताच घंटा वाजते आणि वक्ता, कोणीही असो, खाली बसतो. आमच्या वार्षिक सभेतील आभारप्रदर्शनास ही घंटा लावता आली तर सभासदांचे केवढे कल्याण होईल!

प्रतिस्पर्ध्यास का शिकवावे

व्यापारी वाचकांच्या मनात आता एक प्रश्न असेल. त्या गृहस्थांनी प्रतिस्पर्ध्यास उपाय सांगून आपल्या मालकाचे नुकसान केले नाही काय?

याचे उत्तर कॅन्सस प्रांतातील लॉरेन्स या लहानशा शहराच्या वृत्तपत्राने देऊन ठेविले आहे. लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या पत्राच्या कचेरीत एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन या दोघा प्रोग्रॅमरांनी २००३ साली बातम्यांची वेबसाइट झपाट्याने बांधण्याचे एक साधन तयार केले. जुलै २००५ मध्ये ते जँगो या नावाने सर्वांस खुले करण्यात आले. पत्राचा धंदा होता आपल्या गावच्या बातम्यांचा. साधन दिल्याने बातमी जात नव्हती. पुढे जगभरच्या लोकांनी ते वापरले, त्यातील दोष काढले, नवे भाग जोडले. इन्स्टाग्रामसारखी प्रचंड संस्था त्यावर उभी राहिली. आणि ज्या कामास त्या कचेरीतील चार माणसांचे आयुष्य पुरले नसते ते हजारोंनी केले.

तराजू सर्वांचा असतो, धान्य ज्याचे त्याचे असते. पेठेतील एकाचाच तराजू खरा असून भागत नाही. सर्वांचे खरे असतील तरच गिऱ्हाईक पेठेत पाऊल टाकते. त्या सभेत तराजू वाटला गेला. गिऱ्हाइकांची नावे, खरेदीचे भाव व पेढीचा हिशेब कोणी सांगितला नाही, व कोणी विचारलाही नाही.

मात्र देणे आणि घेणे यांतील मर्यादा या मंडळींसही सोपी गेली नाही. बिल गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी संगणकाच्या हौशी मंडळींस एक अनावृत पत्र लिहिले. आपल्या कंपनीने खपून तयार केलेला प्रोग्रॅम लोक पैसे न देता नकला करून वापरतात, मग असे काम पुढे कोण करील, अशी त्यांची तक्रार होती. व्यापारी या नात्याने आम्हांस ती रास्त वाटते. आपले आपण होऊन देणे हे दान; दुसऱ्याचे न विचारता उचलणे ही चोरी. जी मंडळे हा भेद पाळतात त्यांच्याविषयीच आम्ही बोलत आहो.

या सभा अमर असतात असेही कोणी समजू नये. होमब्रू क्लबची शेवटची सभा डिसेंबर १९८६ मध्ये झाली. २०२० च्या साथीत एकत्र बसणेच बंद पडले. खोली मिळविणारा, वक्ता शोधणारा, खुर्च्या मांडणारा एखाददुसराच गडी असतो. तो थकला की मंडळ थकते. सबब हे काम पाळीपाळीने वाटून घ्यावे लागते.

आपल्या संघाने काय करावे

आपला संघ वर्षातून एकदा भरतो. अहवाल वाचला जातो, सत्कार होतात, स्नेहभोजन होते आणि ही स्मरणिका निघते. यांतील काहीही सोडावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु नियम बदलतात ते दर महिन्यास, आणि आपण भेटतो वर्षाकाठी. मधल्या अकरा महिन्यांत प्रत्येक जण आपल्या दुकानात एकटा चाचपडत असतो, आणि ज्या अडचणीवर शेजारच्या दुकानाने गेल्याच आठवड्यात तोड काढली तीवर आपण नव्याने पैसे खर्च करतो.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी. दर महिन्याच्या ठराविक रविवारी दोन तास संघाच्या सभागृहात बसावे. एका सभासदाने, किंवा त्याच्या मुलाने, मुलीने अथवा सुनेने, धंद्यातील एकच प्रत्यक्ष अडचण व तिचा उलगडा वीस मिनिटांत सांगावा. पुढे पाच मिनिटांची भाषणे व्हावीत, घंटेसह. गावातील प्रोग्रॅमरांस आमंत्रण असावे. त्यांस आपल्या अडचणी कळतील व आपणांस त्यांची भाषा. प्रत्येक दुकानाने आपल्या बिलाचा प्रोग्रॅम कसा चालतो हे कागदावर लिहून घ्यावे आणि तो समजणारी किमान दोन माणसे तयार ठेवावीत. आपल्या घरांतील कितीतरी मुलेमुली पुण्यास, बेंगळुरूस, हैदराबादेस याच उद्योगात आहेत. दिवाळीस ती घरी येतात, फराळ करतात आणि परत जातात. ती काय काम करतात हे आपण कधी विचारले आहे काय? पहिली सभा त्यांच्याच सुटीत ठेवावी.

खोलीचे भाडे नाही, खुर्च्या संघाच्याच आहेत, आणि चहाचा खर्च पहिली तीन वर्षे आमच्या दुकानाकडे लावावा. उघड लिलावाने पेठ बुडेल असे म्हणणाऱ्यांच्या पिढीनंतर आपण आलो आणि त्याच लिलावावर पोसलो. पुढच्या पिढीने आपल्याविषयी काय म्हणावे ते आता आपल्या हाती आहे.